नेपाळमध्ये पहिला युथ कॅम्प सुरू करायला जाताय? आमच्या अनुभवातून थोडं सविस्तर

प्रभूच्या नावात सलाम. तुमचा प्रश्न असा आहे की तुमच्या मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या, तरुण संघाला नेपाळमधल्या एका मंडळीने बोलावलंय, त्यांना पहिल्यांदाच तरुणांचा कॅम्प घ्यायचाय, तुम्ही १२ जण १० दिवसांसाठी जायचं म्हणताय, आणि काय तयारी करू, काय टाळू असं विचारलंय. मी गेली बरीच वर्षं आपल्याकडे महाराष्ट्रात कॅम्प घेतोय, आणि चितवन बाजूच्या एका मंडळीबरोबर असाच पहिला कॅम्प उभा करायला गेलो होतो, त्यानंतर दोनदा परत जाणं झालं. त्यामुळे जे सांगतोय ते हाताने केलेलं आहे, काही चुकलेलंही आहे. गावाचं आणि मंडळीचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण पुढे येईलच.

आधी मनाशी एक ठरवा. तुम्ही जो कॅम्प कराल तो पुढच्या वर्षी तुमच्याशिवाय त्यांना करता आला पाहिजे. बाकी सगळं, म्हणजे खेळ, गाणी, जेवण, पैसे, सामान, टीम किती मोठी, हे याच एका प्रश्नावर घासून बघा. आम्ही पहिल्या वेळी प्रोजेक्टर, स्पीकर, खेळाचं दोन बॅगा सामान असं सगळं वाहून नेलं. प्रोजेक्टर लावायला पडदा नव्हता आणि दुसऱ्याच संध्याकाळी लाईट गेली. पण मला जास्त लागलं ते वेगळंच. तिथला एक दाइ, म्हणजे दादा, जो पुढे सगळा कॅम्प सांभाळणार होता, तो कडेला उभा राहून ते सामान बघत होता आणि मला हळूच म्हणाला की आमच्याकडे हे नाही, मग पुढच्या वर्षी आम्ही कसं करायचं? त्याला वाटलं प्रोजेक्टर असेल तरच कॅम्प होतो. हे आम्ही त्याच्या डोक्यात घातलं होतं, एक शब्दही न बोलता. त्यानंतर आम्ही नियमच केला, जे चितवनातल्या नारायणगढच्या बाजारात मिळत नाही ते न्यायचं नाही. दोरी, बॉल, चार्ट पेपर, मार्कर, मोठी पातेली, सगळं तिथेच मिळतं, आणि भांडी कॅम्पनंतर मंडळीतच राहिली.

आता टीम. १२ जण खूप होतात, खरंच. आणि १० दिवस कमी पडतात. मुंबईच्या लोकमान्य टिळक टर्मिनसवरून (एलटीटी) कुशीनगर एक्सप्रेसने गोरखपूर, तिथून बसने किंवा जीपने सुनौली नाका, मग पलीकडे भैरहवा, बुटवल आणि नारायणगढ. आम्ही गेलो तेव्हा बुटवल ते नारायणगढ रस्त्याचं रुंदीकरण चालू होतं आणि धुळीने माणसं ओळखू येत नव्हती. घरातून निघून कॅम्पच्या जागेवर पोचेपर्यंत अडीच दिवस धरा, येताना तेवढेच. म्हणजे दहातले पाच प्रवासातच जातात, हातात पाच राहतात आणि त्यात तुम्ही चार दिवसांचा कॅम्प बसवणार, मग तिथल्या लोकांना शिकवणार कधी? सहा जण जा, १४ दिवस जा. खर्च वाढणार नाही आणि काम दुप्पट होईल. ज्यांची नावं गळतील त्यांना वाईट वाटेल, पण ते इकडून प्रार्थनेची आणि पैशाची बाजू सांभाळू शकतात, आमच्याकडे तशीच वाटणी केली होती.

कागदपत्रांचं थोडक्यात. आपल्याला व्हिसा लागत नाही, पण मोठ्यांनी पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र घ्या, फक्त आधार कार्डावर निघू नका, विमानाने जाणार असाल तर नाहीच. शनिवार हा तिथला सुट्टीचा दिवस आणि मंडळीची उपासना शनिवारीच असते, हे कॅलेंडर बनवताना आमच्या लक्षातच नव्हतं. घड्याळ आपल्यापेक्षा १५ मिनिटं पुढे. आणि तारखा सगळीकडे विक्रम संवतात, बैसाख, असार, असोज असं चालतं, त्यामुळे फोनवर तारीख ठरली की दोन्ही कॅलेंडरमधली लिहून एकमेकांना पाठवा.

पैशाचं मात्र नीट वाचा. फोनवर त्यांनी आम्हाला सांगितलं, जागा आणि जेवण मिळून नव्वद हजार. आमच्या खजिनदारांनी ते नेपाळी रुपये धरले. नेपाळी रुपयाचा भाव ठरलेला आहे, आपला १ म्हणजे त्यांचे १.६०, तर ९० हजाराचे आपले ५६,२५० होतात, तेवढे आम्ही जमवले. तिथे गेल्यावर कळलं की त्यांनी आपल्या सोयीसाठी मुद्दाम भारतीय रुपयांत आकडा सांगितला होता. ३३,७५० चा खड्डा, तोही कॅम्पच्या दोन दिवस आधी. चूक कुणाचीच नव्हती, प्रेमानेच झालेली होती, पण त्या रात्री पाळकांच्या (पास्टरांच्या) घरात जो गप्पपणा होता तो मला अजून आठवतो. शेवटी टीममधल्या सगळ्यांनी जवळचं काढलं, मंडळीने काढलं आणि निभावलं. तिकडे दुकानात पण विचारतात, नेपाली की आयसी? आयसी म्हणजे भारतीय पैसा. तर बजेटच्या प्रत्येक ओळीत ने.रु. किंवा भा.रु. लिहा, न चुकता. आणि नोटा शक्यतो १०० च्या न्या, मोठ्या नोटांचे नियम बदलत असतात, निघायच्या आधी बँकेत विचारून घ्या.

आता महत्त्वाचं, कायदा. हा भाग तरुणांना कंटाळवाणा वाटतो पण टीममधल्या प्रत्येकाला तो माहीत पाहिजे. नेपाळच्या २०१५ च्या संविधानाच्या कलम २६ मध्ये दुसऱ्याचं धर्मांतर करायला मनाई आहे, आणि २०१७ ची जी फौजदारी संहिता २०१८ च्या ऑगस्टपासून लागू झाली तिच्या कलम १५८ मध्ये त्यासाठी ५ वर्षांपर्यंत कैद आणि ५० हजार ने.रु. पर्यंत दंड आहे, परदेशी माणूस असेल तर शिक्षा भोगून झाल्यावर सात दिवसांत देशाबाहेर. आपण तिथे परदेशी आहोत. रोटी-बेटीचं नातं वगैरे आपण म्हणतो, पण कायद्यापुढे परदेशीच. त्यामुळे आम्ही हे पाळलं आणि तुम्हीही पाळा: कॅम्प फक्त मंडळीच्या घरातल्या मुलांसाठी, प्रत्येक मुलाच्या आईवडिलांची नेपाळीत लिहिलेली सही, वडा कार्यालयात, म्हणजे वॉर्ड ऑफिसात, तिथल्या पाळकांनी आधीच जाऊन सांगितलेलं, गावात फिरून पत्रकं नाहीत, शेजारच्या मुलांना खाऊ देऊन बोलावणं नाही. शास्त्रपाठ आणि संदेश सगळे तिथल्याच लोकांनी दिले. आणि फोटो. मुलांचे चेहरे, मंडळीची पाटी, लोकेशन यातलं काहीही व्हॉट्सॲप स्टेटसला किंवा इन्स्टाला टाकायचं नाही, घरी परत आल्यावरही नाही. तुमच्या स्टेटसची किंमत तिथला पाळक मोजेल, तुम्ही नाही. आमच्यातल्या एका मुलाने प्रवासातच एक फोटो टाकला होता, त्याला समजावून काढायला लावला, तो चांगला मुलगा आहे, त्याला खरंच माहीत नव्हतं, म्हणून सांगतो की आधी बसवून सांगा.

हे वाचून घाबरू नका. मंडळी तिथे उघडपणे उपासना करतात, २०२१ च्या जनगणनेत ख्रिस्ती लोक १.७६ टक्के म्हणजे पाच लाखांच्या वर नोंदलेले आहेत. आणि हे सगळं उभं केलंय नेपाळी लोकांनीच. १९५१ च्या आधी, राणा घराण्याच्या राजवटीत, ख्रिस्ती लोकांना नेपाळात यायला वावच नव्हता, तेव्हा नेपाळी ख्रिस्ती लोक दार्जिलिंग-कालिम्पोंगकडे होते, तिथे गंगाप्रसाद प्रधानांनी भाषांतराचं काम हाती घेतलं आणि १९१४ ला पूर्ण बायबल नेपाळीत आलं. आपल्या पंडिता रमाबाईंनी केडगावला मराठी भाषांतर आयुष्याच्या शेवटापर्यंत पुरं करत आणलं, त्याची मला फार आठवण येते हे सांगताना. टीमला निघायच्या आधी ही गोष्ट जरूर सांगा, म्हणजे आपण तिथे ख्रिस्त घेऊन चाललोय असं कुणाच्या मनात राहणार नाही, तो तिथे कधीचा आहे.

भाषेचं सांगतो, यात आपल्याला देवाने मोठी सोय करून दिलीय. नेपाळी देवनागरीत लिहितात, त्यामुळे आपली मुलं पहिल्या दिवसापासून गीतं वाचून म्हणू शकतात, बायबल उघडून वचन शोधू शकतात, इतर देशांतून येणाऱ्या टीमला हे सहसा जमत नाही. पण वाचता आलं म्हणजे कळलं असं नाही. पहिल्या दिवशी भिंतीवर तिथल्या दिदीने सुंदर अक्षरात चार्ट लावला होता, 'बाइबल शिक्षा, बिहान ६ बजे'. आमची एक मुलगी घाबरून माझ्याकडे आली, म्हणाली दादा, सकाळी सहाला मुलांना शिक्षा का करतायत? नेपाळीत शिक्षा म्हणजे शिक्षण. तसंच मासु म्हणजे मटण-चिकन, मासे हवे असतील तर माछा म्हणायचं. जाण्याआधी एक महिना रोज २० मिनिटं नेपाळी शिका, दाइ, दिदी, भाइ, बहिनी, हजुर एवढं तरी तोंडात बसलं पाहिजे, आणि भेटल्यावर 'जय मसीह'. मुलं लगेच जवळ येतात.

जेवणाच्या वेळा हा भाग कुणी सांगत नाही आणि कॅम्प तिथेच बिघडतो. आपलं डोकं कसं चालतं, ८ ला नाश्ता, १ ला जेवण, ८ ला रात्रीचं. आम्ही तसंच टाइमटेबल छापून नेलं आणि पोह्याचा नाश्ता ठेवला. सकाळी ८ ला मुलांनी पोहे चिवडले, ११ च्या सत्रात निम्मी मुलं पेंगत आणि उरलेली भुकेने हैराण, आणि स्वयंपाकघरातल्या दोन आमा (आमा म्हणजे आई) रुसलेल्या, कारण त्यांचा दालभात ९ ला तयार होता आणि आम्ही १ पर्यंत झाकून ठेवायला सांगितलं होतं. तिकडे पहाटे चहा, साडेनऊ-दहाला पोटभर दालभात-तरकारी, दोनच्या सुमारास खाजा म्हणजे चिउरा-चणे असं काहीतरी, आणि सातला परत दालभात. दुपारी तिथल्या दाइने आमचं टाइमटेबल भिंतीवरून काढलं, मागच्या कोऱ्या बाजूला पेनाने नवीन लिहिलं आणि परत चिकटवलं. मला तो कागद फ्रेम करून ठेवावासा वाटला. कारण त्या क्षणी कॅम्प त्यांचा झाला.

तांदळाचा हिशोब पण त्यांनीच शिकवला. आम्हाला वाटत होतं फी घेऊच नये, गरीब घरं आहेत, आपण भरू. पाळक नाही म्हणाले, फुकट दिलं तर पुढच्या वर्षी कोण देणार. प्रत्येक मुलाने चार माना तांदूळ आणायचा ठरलं. माना हे तिकडचं माप, चार माना म्हणजे साधारण पावणेदोन किलो. ४२ मुलं होती, म्हणजे सत्तर-पंचाहत्तर किलो तांदूळ घराघरातून पिशव्यांतून आला, कुणाचा बारीक, कुणाचा जाड, सगळा एकत्र एकाच पोत्यात. मोठी माणसं धरून पन्नास ताटं, दोन वेळा, चार दिवस, त्याला ऐंशी किलोच्या आसपास लागतो, थोडा कमी पडला तो मंडळीने घातला. फी म्हणून पैसेच मागितले असते तर किमान दहा मुलं आली नसती, असं मला वाटतं.

आता खरं काम. खरं काम कॅम्पच्या आधीचे तीन दिवस. तिथले आठ तरुण लीडर, वय १६ ते २५, त्यांच्याबरोबर बसणं. त्यांना लेक्चर देऊ नका, त्यांच्याकडून करून घ्या. म्हणजे गट कसा बसवायचा, गप्प मुलाला बोलतं कसं करायचं, भांडण झालं तर काय, मुलगी रडत येऊन घरचं काही सांगायला लागली तर काय करायचं आणि कुणाला सांगायचं. आम्ही चांगल्या शोमरोन्याचा पाठ दिला होता (येशूची गोष्ट, वाटेत मार खाऊन पडलेल्या माणसाला दोघे टाळून जातात आणि तुच्छ मानलेला परका मदत करतो), नाटुकलं तयार होतं, आपल्या पद्धतीचं, झगे-फेटे घालून. सोळा वर्षांची एक लीडर मुलगी, फार बोलायची नाही, तिने सरावात विचारलं मी वेगळ्या पद्धतीने करू का. तिने तो मार मारून टाकलेला माणूस मुगलिनच्या रस्त्यावर आणून ठेवला. एक मायक्रोबस गेली, थांबली नाही, कंडक्टर ओरडला उशीर होतोय. पाळकांची मोटरसायकल गेली, पण त्यांची सभा होती. मग ट्रकवाला थांबला, ज्याला गावात कुणी चांगलं म्हणत नाही. आणि मग तिने मुलांना विचारलं, तुम्ही त्या मायक्रोबसमध्ये खिडकीपाशी बसला असता तर थांबवा म्हणून ओरडला असता का? कोणीच बोललं नाही, बराच वेळ. मी ३० वर्षांत हा पाठ किती वेळा घेतलाय, खिडकीपाशी बसलेल्यांचा विचार मला कधी सुचला नव्हता. पुढच्या वर्षी पूर्ण एक दिवस तिच्याकडे होता.

गाण्यांचंही तेच. ॲक्शन साँग्ज दोन-तीन चालतात, मुलांना आवडतात, पण गाणं त्यांचं असू द्या. मादल असतो तिकडे, आपल्या ढोलकीसारखा, तो वाजायला लागला की मुलं आपोआप उठतात. ना. वा. टिळकांनी नगरला अभंग आणि कीर्तनातून प्रभूचं नाव गायला लावलं म्हणून ते आपल्या आजीच्या तोंडात राहिलं, हे आपल्याला नव्याने शिकायची गरज नाही.

सुरक्षेचं, आणि इथे मी कडक बोलणार आहे. मुलींच्या झोपायच्या खोलीत तिथल्या दोन दिदी, मुलांच्या खोलीत दोन दाइ, आपल्या टीममधलं कुणीही तिथे झोपणार नाही. कोणताही मोठा माणूस कुठल्याही मुलाबरोबर बंद दाराआड एकटा असणार नाही, प्रार्थनेसाठी सुद्धा नाही, पाळक असले तरी नाही, मी असलो तरी नाही. नदीवर अंघोळ नाही. कॅम्पमध्ये मला सगळ्यात जास्त भीती पाण्याची वाटते, मुलं म्हणतात पोहता येतं आणि नदीचा तळ त्यांनाही माहीत नसतो. पिण्याचं पाणी उकळून किंवा फिल्टरचंच, हात धुवायचा साबण संडासाच्या बाहेर दोरीला बांधून ठेवा, म्हणजे हरवत नाही. चितवनात गर्मीत साप असतात, मच्छरही, मच्छरदाण्या मंडळीकडे किती आहेत ते आधी मोजून घ्या. भरतपूरला मोठी हॉस्पिटलं आहेत, पण तुमच्या जागेपासून रात्री दोन वाजता तिथे कुठली गाडी नेईल, त्या ड्रायव्हरचं नाव आणि नंबर भिंतीवर पाहिजे. आणि जंगलाजवळची जागा असेल तर गैंडा. खरं सांगतो, दुसऱ्या रात्री कुत्री भुंकायला लागली, दाइने टॉर्च मारला, तर शेताच्या कडेला मोठा काळा दगड असावा तसा उभा, शांतपणे खात होता. दाइने टॉर्च लगेच बंद केला आणि सगळ्यांना हाताने आत जायला सांगितलं. तेव्हापासून रात्री संडासला तिघांनी मिळूनच जायचं, बरोबर एक मोठा माणूस.

भूकंपाचा सराव पण घ्या, तिथल्या लीडरनाच घेऊ द्या. २०१५ चा भूकंप २५ एप्रिलला झाला तो शनिवार होता, दुपारी बाराच्या जरा आधी, म्हणजे देशभर मंडळ्या उपासनेत बसलेल्या होत्या आणि काही ठिकाणी इमारतीच कोसळल्या. आज जे लीडर आहेत ते तेव्हा लहान मुलं होती. सराव घेताना एका दाइचा आवाज बदलला, आम्ही सगळे मैदानात उभे राहून थोडा वेळ नुसते थांबलो.

कॅम्प संपल्यावर लगेच निघू नका, एक दिवस ठेवा. लीडर आणि स्वयंपाकाच्या आमा सगळ्यांना बसवा, काय जमलं काय नाही ते त्यांनीच लिहायचं, त्यांच्याच वहीत, आणि वही तिथेच राहील. आम्ही दुसऱ्या वर्षी तिघेच गेलो आणि फक्त ट्रेनिंगला थांबलो. तिसऱ्या वर्षी त्यांचा फोन आला तेव्हा कॅम्प होऊन गेला होता, ५१ मुलं होती म्हणाले, चार माना तांदूळच ठेवला होता.

राहिली तारीख, ती तुम्ही लिहिलेली नाही. जून ते सप्टेंबर, म्हणजे पावसाळा, असेल तर नको म्हणा. नारायणगढ-मुगलिन रस्त्यावर सिमलतालला जुलै २०२४ मध्ये दरड कोसळून दोन बसेस त्रिशुली नदीत गेल्या, ६० हून अधिक प्रवासी होते. तुम्हाला काठमांडूकडून यायचं असेल तर बहुतेक याच रस्त्याने यावं लागतं. शाळेचं वर्ष बैसाखात म्हणजे एप्रिलच्या मध्याला सुरू होतं, त्याआधी परीक्षा संपून मुलं मोकळी असतात, ते आठ-दहा दिवस चांगले. नाहीतर दसैंची, म्हणजे तिकडच्या दसऱ्याची सुट्टी, हवा छान असते, पण ज्या घरांत अर्धी माणसं हिंदू आहेत तिथे मुख्य दिवसांत मुलांनी आजी-आजोबांजवळ असणंच बरं, घरात तेढ येता कामा नये, तेव्हा ते दिवस सोडून मागेपुढे घ्या. नक्की कुठले दिवस हे त्यांच्या पाळकांनाच ठरवू द्या, त्यांच्याकडून दोन्ही कॅलेंडरमधली तारीख लिहून आली की मगच तिकिटं काढा, आणि ती लगेच काढा, कुशीनगर लवकर फुल्ल होते.